गणिताचे शिक्षक गणित सोडवायला बसतात तेव्हा

शाळेत गणित शिकवणारे शिक्षक आणि विद्यापीठात गणिताचे संशोधन करणारे प्राध्यापक एका टेबलाभोवती बसून एखादे अनोळखी गणित सोडवतात, अशा मंडळांना अमेरिकेत ‘मॅथ टीचर्स सर्कल’ म्हणतात. पहिले सर्कल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्स या संशोधन संस्थेत सुरू झाले. शाळेच्या वर्षात साधारण महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, परिसरातील शिक्षक जमतात. दोन-अडीच तास एकाच प्रश्नावर काम चालते आणि सगळे एकत्र जेवून घरी जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच दिवसांचे शिबिर होते. त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत गणितच चालते आणि एकमेकांशी नीट ओळख झालेला गट मग वर्षभराच्या बैठकांना येत राहतो. पालो आल्टोचा हा नमुना पुढे अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पोचला आणि मंडळांची संख्या शंभरावर गेली.

शिक्षकांच्या नेहमीच्या प्रशिक्षणात नवा अभ्यासक्रम, मूल्यमापनाची नवी पद्धत, नवे शैक्षणिक साहित्य यांची माहिती दिली जाते. सर्कलच्या बैठकीत यातले काही नसते. उद्याच्या तासाला काय घ्यायचे हेही तिथे ठरत नाही. शिक्षकाने काही काळ शिकवणे बाजूला ठेवून स्वतः गणित करायचे, एवढाच हेतू असतो. हा हेतू वरवर पाहता लहान वाटतो. पण वीस-वीस वर्षे तेच पाठ, तीच उदाहरणे फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाला, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असे गणित शेवटचे कधी सोडवले, हे आठवावे लागते. मुले मात्र रोज त्याच अवस्थेत असतात.

सुरुवात मुख्यतः सहावी ते आठवीच्या शिक्षकांपासून झाली, त्याला कारण आहे. अंकगणित संपून बीजगणित सुरू होते ते याच वर्गांत. अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या, अक्षरांचा वापर हे सगळे दोन-तीन वर्षांत येऊन पडते आणि गणित आवडणारी व गणिताची धास्ती घेतलेली मुले इथेच वेगळी होऊ लागतात. अमेरिकेत या वर्गांना शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांनी महाविद्यालयात गणित हा मुख्य विषय घेतलेला नसतो.

बैठक कशी चालते हे एका प्रश्नावरून चांगले समजते. दोन किंवा अधिक क्रमागत नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणकोणत्या संख्या लिहिता येतात? ९ ही संख्या ४ + ५ अशी लिहिता येते, तशीच २ + ३ + ४ अशीही. १५ तर तीन तऱ्हांनी लिहिता येते: ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५. प्रश्न चौथीतल्या मुलाला कळेल असा आहे. उत्तर मात्र गणिताच्या पदवीधरालाही चटकन सांगता येत नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटे नुसती आकडेमोड होते. कोणी १ ते ४० चा तक्ता मांडतो, कोणी दोन-दोन संख्यांच्या बेरजा आधी लिहून काढतो, मग तीन-तीनच्या. १ सोडून सगळ्या विषम संख्या लगेच हातावेगळ्या होतात, कारण २३ म्हणजे ११ + १२ हे दिसले की पुढचे सगळे तसेच. तीनने भाग जाणाऱ्या संख्याही सुटतात: २४ चा तिसरा भाग ८, म्हणून ७ + ८ + ९. तक्ता भरत जातो आणि काही घरे रिकामीच राहतात. १, २, ४, ८, १६. कोणीतरी ३२ तपासते, तीही बसत नाही. या सगळ्या १ पासून दुप्पट करत गेलेल्या, म्हणजे दोनाचे घात असलेल्या संख्या आहेत, हे एकाच्या लक्षात आले की खोलीभर पसरते.

खरे काम इथून सुरू होते. दोनाच्या घातांची घरे नेहमी रिकामीच राहतील, हे कशावरून? चाळीसपर्यंत पडताळून पाहिले म्हणजे सिद्ध झाले का? कोणी बेरजेतील पहिली आणि शेवटची संख्या जोडीने घेऊन पाहतो. कोणी चौकटीच्या कागदावर ४, ५, ६ उंचीचे चौकोनी खांब शेजारी शेजारी काढतो. तसाच दुसरा जिना उलटा करून त्यावर बसवला की आयत तयार होतो. आयताची एक बाजू म्हणजे किती संख्या घेतल्या ते. दुसरी बाजू म्हणजे पहिली आणि शेवटची यांची बेरीज. आयताचे क्षेत्रफळ मूळ बेरजेच्या दुप्पट. आता घेतलेल्या संख्या मोजून सम भरल्या, तर पहिली आणि शेवटची यांतली एक सम आणि एक विषम असते, म्हणजे त्यांची बेरीज विषम. त्या मोजून विषम भरल्या, तर ती बाजूच विषम. कसेही पाहिले तरी आयताची एक बाजू विषम आणि १ पेक्षा मोठी निघते. दोनाच्या घाताची दुप्पट केली तरी तो दोनाचाच घात राहतो आणि त्याला १ सोडून विषम विभाजक नसतो. म्हणून असा आयत त्याच्यासाठी तयार होऊ शकत नाही.

महाराष्ट्रातला दहावीचा विद्यार्थी अंकगणिती श्रेढीच्या पाठात हीच बेरीज सूत्राने काढतो. ते सूत्र शिक्षकाला तोंडपाठ असते. पण त्याचा उपयोग करून आपणच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा प्रसंग पुष्कळांवर कधी येत नाही. बैठक इथेही थांबत नाही, कारण पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: १५ तीन तऱ्हांनी आणि ९ दोनच तऱ्हांनी का? १५ चे १ सोडून विषम विभाजक ३, ५ आणि १५ असे तीन. ९ चे ३ आणि ९ असे दोन. मग ४५ पाच तऱ्हांनी लिहिता यायला हवी, कारण तिला ३, ५, ९, १५ आणि ४५ यांनी भाग जातो. करून पाहिले तर खरोखर पाच तऱ्हा निघतात. शेवटची म्हणजे १ पासून ९ पर्यंतची बेरीज. विभाजक आणि बेरजा यांचा असा संबंध असेल हे सुरुवातीला कोणाच्या मनातही नव्हते.

या सगळ्यात बैठक चालवणाऱ्याची भूमिका फार नाजूक असते. तो बहुधा विद्यापीठातला गणिती असतो आणि त्याला उत्तर माहीत असते. ते न सांगता बसणे हे त्याचे मुख्य काम. एखादा गट अडला तर तो ‘लहान संख्या घेऊन बघा’ किंवा ‘हे नेहमीच होईल का?’ एवढेच म्हणतो. ज्याला आधी सुटले त्याने लगेच फळ्याकडे धाव घेऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते, कारण एकाने उत्तर सांगितले की बाकीच्यांचा विचार तिथेच संपतो. चुकीची वाट निघाली तरी ती मध्येच अडवली जात नाही. ती का चुकली हे त्या गटालाच सापडू दिले जाते. अनेक शिक्षकांना पहिल्या एक-दोन बैठका जड जातात. फळ्यासमोर उभे राहून ‘मला येत नाही’ म्हणण्याची सवय शिक्षकाला नसते आणि शेजारी प्राध्यापक बसलेला असला की संकोच दुप्पट होतो. तो प्राध्यापकही तासभर चाचपडतो आणि त्यात त्याला काही वाटत नाही, हे पाहिल्यावर मग वातावरण सैल होते. शिक्षकांसाठी ही कदाचित सर्वांत मोलाची गोष्ट असावी: अडणे हा गणित करण्याचा रोजचा भाग आहे, हे त्या विषयात आयुष्य घालवणाऱ्या माणसाजवळ बसून पाहायला मिळते.

प्रश्नांची निवडही सोपी नसते. सुरुवात कोणालाही करता आली पाहिजे आणि शेवट सहजी हाती लागता कामा नये. या कसोटीला उतरणारा एक प्रश्न नाशिकजवळच्या देवळालीतून आलेला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे तिथे शाळामास्तर होते. संख्यांच्या गुणधर्मांचा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने मांडून लहान, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि मग तेच येत राहते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरतात. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा त्यांचे काम जगभरच्या गणितप्रेमींपर्यंत गेले.

चार अंकांचे कारण शोधणे कष्टाचे आहे. तीन अंकांचे मात्र एका बैठकीत पुरे होते. शतकस्थानी सर्वांत मोठा अंक आणि एककस्थानी सर्वांत लहान असा मांडला की वजाबाकीत मधला अंक नाहीसा होतो आणि उत्तर म्हणजे मोठ्या व लहान अंकांतील फरक गुणिले ९९ एवढेच उरते. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच उत्तरे शक्य आहेत: ९९, १९८, २९७ अशी ८९१ पर्यंत. ९९ हे ०९९ असे लिहिले की दिसते, प्रत्येकात मधला अंक ९ आणि कडेच्या अंकांची बेरीज ९. १९८ पासून निघाले तर ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५, आणि तिथे थांबले. नऊच्या नऊ वाटा तपासल्या की काम झाले. हजारो वजाबाक्या करून जे ‘असे होते’ म्हणून दिसते, ते नऊ ओळींत ‘असेच होणार’ म्हणून कळते. वजाबाकीचा सराव घेताना आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही हे देता येते, आणि हातच्यांनी कंटाळलेला वर्ग अशा वेळी किती वजाबाक्या आपणहून करतो हे शिक्षकांनी पाहण्यासारखे आहे.

काही प्रश्न कागदावर नसतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती जॉन कॉनवे (१९३७–२०२०) यांनी गाठींच्या अभ्यासातून एक खेळ काढला. शिक्षकांच्या सर्कलमध्ये आणि मुलांसाठीच्या अशाच मंडळांतही तो फार आवडीने घेतला जातो. चार जण चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर उभे राहतात. दोन दोऱ्या समांतर धरलेल्या. चार टोके चौघांच्या हातात. हालचाली दोनच. पीळ द्यायचा असेल तेव्हा एका बाजूचे दोघे जागा बदलतात, एक जण दुसऱ्याच्या दोरीखालून जातो. फेर घ्यायचा असेल तेव्हा चौघेही एकाच दिशेने एकेक कोपरा पुढे सरकतात. काही वेळ मनाला येईल तसे पीळ आणि फेर दिले की मध्ये मोठा गुंता होतो. कधी कधी त्यावर पिशवी घालून तो झाकूनही टाकतात. आता याच दोन हालचालींनी, न पाहता, तो सोडवायचा.

किल्ली अशी की प्रत्येक गुंत्याला एक संख्या देता येते. समांतर दोऱ्या म्हणजे शून्य. पीळ दिला की संख्येत १ मिळवायचा. फेर घेतला की गुणाकार व्यस्त घेऊन चिन्ह बदलायचे. तीन पीळ दिले तर संख्या ३. मग फेर, −१/३. मग एक पीळ, २/३. हा गुंता सोडवायचा म्हणजे २/३ ला याच दोन क्रियांनी शून्यावर आणायचे. संख्या धन असेल तर फेर घ्यायचा, ऋण असेल तर पीळ द्यायचा. फेर: −३/२. पीळ: −१/२. पुन्हा पीळ: १/२. फेर: −२. आणखी दोन पीळ, शून्य. पिशवी काढली की दोऱ्या सुटलेल्या असतात. छेद ३ वरून २ वर, २ वरून १ वर आला. गुंता कितीही मोठा असला तरी छेद लहान होत जातो आणि प्रवास कधीतरी संपतोच. मसावि काढण्याच्या भागाकार पद्धतीशी याचे जवळचे नाते आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद का सारखे करतात हे मुलांना समजावताना थकलेल्या शिक्षकाला, −१/२ मध्ये १ मिळवणे ही आपल्या पायांनी केलेली गोष्ट होते, याचा आनंद वेगळाच असतो.

शिक्षकाने इतक्या खोलात जाणे गरजेचे आहे का, या प्रश्नाला लिपिंग मा यांच्या १९९९ मधल्या अभ्यासाने ठोस उत्तर दिले. चीनमध्ये शाळेत शिकवलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिक्षणशास्त्राचा अभ्यास केलेल्या मा यांनी दोन्ही देशांतील प्राथमिक शिक्षकांना काही साधे प्रश्न विचारले. त्यांतला एक होता १ पूर्णांक ३/४ भागिले १/२. अमेरिकेतील २३ शिक्षकांपैकी २१ जणांनी तो सोडवायला घेतला आणि पूर्ण, बरोबर उत्तर ९ जणांना काढता आले. चीनमधील सर्व ७२ शिक्षकांचे उत्तर बरोबर आले. दुसरा भाग अधिक बोलका आहे: या भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचे तर किती पिशव्या लागतील, असे काहीतरी, उत्तर साडेतीन. अमेरिकेतील बहुतेकांनी अर्ध्याने भागणे आणि दोघांत वाटणे यांत गल्लत केली किंवा अर्ध्याने गुणण्याचे उदाहरण दिले. चिनी शिक्षकांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी योग्य उदाहरणे केली, काहींनी एकाहून अधिक.

यातला धक्का पुढे आहे. शाळेत आणि महाविद्यालयात काढलेली वर्षे अमेरिकन शिक्षकांचीच जास्त होती. ते पदवीधर होते. चिनी शिक्षकांनी नववीपर्यंतची शाळा आणि त्यापुढे दोन-तीन वर्षांचा अध्यापक वर्ग केलेला होता. त्यांचे ज्ञान नोकरीत असताना वाढले होते. चीनच्या शाळांत गणिताच्या शिक्षकांचे अभ्यासगट असतात आणि ते नियमाने भेटतात. पाठ्यपुस्तकातले एखादे प्रकरण घेऊन ते खल करतात, उदाहरणे स्वतः सोडवतात, एकाच उदाहरणाच्या अनेक रीती शोधतात. नवखा शिक्षक अनुभवी शिक्षकांत बसून शिकतो. जपानमध्ये एक पाठ अनेक शिक्षकांनी मिळून तयार करायचा, एकाने वर्गात घ्यायचा, इतरांनी मागे बसून मुलांचा विचार कसा चालतो ते टिपायचे आणि नंतर त्यावर चर्चा करायची, अशी जुनी पद्धत आहे. या दोन्ही देशांत शिक्षकाचा गणिताचा अभ्यास नोकरीचा भाग मानला जातो, आणि फरक पडतो तो इथे.

पुढे मिशिगन विद्यापीठातील डेबोरा बॉल, हेदर हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवण्यासाठी लागणारे गणित मोजण्याच्या चाचण्या तयार केल्या. मुलाने गुणाकार वेगळ्याच रीतीने केला, ती रीत नेहमी चालेल का, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यांत असतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या शिक्षकांचे असे ज्ञान अधिक त्यांच्या पहिली आणि तिसरीच्या वर्गांची वर्षभरातील प्रगतीही अधिक दिसली. याच प्रकारच्या चाचण्या वापरून सर्कलच्या उन्हाळी शिबिरांचीही तपासणी झाली आणि संख्या व त्यांवरील क्रिया या भागात शिक्षकांच्या गुणांत वाढ आढळली. हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण शिबिराला आपणहून येणारा शिक्षक मुळातच उत्सुक असतो, हे ते वाचताना लक्षात ठेवावे लागते.

अमेरिकेतील या मंडळांचे मूळ पूर्व युरोपात आहे. हंगेरीत ग्योर गावच्या डॅनिएल अरान्यी या शिक्षकाने १८९४ मध्ये शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक सुरू केले. मुले त्यातली उदाहरणे सोडवून पाठवत आणि उत्तम उत्तरे नावानिशी छापली जात. पॉल अर्डोश यांच्यासारखे गणिती या मासिकातली गणिते सोडवत वाढले. रशियात १९३०च्या दशकात लेनिनग्राड आणि मॉस्को येथे गणित ऑलिम्पियाड सुरू झाल्या आणि त्याच काळात विद्यापीठातले गणिती संध्याकाळी शाळकरी मुलांना घेऊन बसू लागले. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास तिकडचे अनेक गणिती अमेरिकेत आले, त्यांनी ही पद्धत बरोबर आणली. १९९४ मध्ये रॉबर्ट आणि एलन कॅप्लन या दाम्पत्याने बॉस्टनमध्ये मुलांचे सर्कल काढले. १९९८ मध्ये बल्गेरियात वाढलेल्या झ्वेझ्देलिना स्टान्कोव्हा यांनी बर्कलीत आणि सोव्हिएत संघात शिकलेल्या तात्याना शुबिन यांनी सॅन होजेत. मुलांची सर्कल चालवताना एक अडचण लवकरच ध्यानात आली: सर्कलला येणारी मुले थोडी असतात, एका शिक्षकाच्या हाताखालून मात्र दर वर्षी शंभरावर मुले जातात. शिक्षकांचे मंडळ काढण्याची कल्पना यातून पुढे आली. शुबिन या शिक्षक-मंडळाच्याही पहिल्या उभारणीत होत्या.

शिक्षकाने स्वतः गणिते सोडवली पाहिजेत, हा आग्रह त्याआधी एका मोठ्या गणित्याने धरला होता, आणि तोही पालो आल्टोच्या शेजारीच. बुडापेस्टला जन्मलेले जॉर्ज पोल्या (१८८७–१९८५) १९४२ पासून स्टॅनफर्डमध्ये होते. ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे त्यांचे पुस्तक १९४५ मध्ये आले. प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो तडीस नेणे आणि मागे वळून पाहणे, असे त्यांनी सांगितलेले टप्पे आज जगभरच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. त्या मानाने कमी माहीत आहे ते त्यांचे निवृत्तीनंतरचे काम. त्यांनी शाळांतील शिक्षकांसाठी वर्ग चालवले. तिथे शिक्षक गणिते सोडवत आणि मग आळीपाळीने एकमेकांना ती सोडवायला मदत करत. ‘मॅथेमॅटिकल डिस्कव्हरी’ हे त्यांचे दोन खंडी पुस्तक (१९६२ आणि १९६५) या वर्गांतून तयार झाले. पोल्यांचे टप्पे पाठ करणारे पुष्कळ निघाले. त्यांच्या वर्गातली मेहनत मात्र बरीच वर्षे कोणी पुढे नेली नाही. सर्कलने ती उचलली.

मोठ्या शहरांत असे मंडळ चालणे सोपे, कारण विद्यापीठ जवळ असते. अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत पसरलेल्या नावाहो आदिवासींच्या प्रदेशात एक शाळा दुसरीपासून कोसो दूर. तिथे २०१२ मध्ये शुबिन यांनी डिने कॉलेजातील नावाहो गणित-अध्यापक हेन्री फाउलर यांच्याबरोबर काम सुरू केले. गणिती बाहेरून येत, शाळांत फिरत. मुलांचे उन्हाळी शिबिर होई आणि शिक्षकांच्या कार्यशाळाही. बाहेरचा गणिती येतो आणि जातो, तिथला शिक्षक राहतो, म्हणून शिक्षकांवरचा भर तिथे अधिक महत्त्वाचा ठरला. या कामावर जॉर्ज चिचेरी यांनी केलेला माहितीपट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात गणित शिक्षकांच्या संघटना जुन्या आहेत. चेन्नईतील असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया १९६५ पासून काम करते. तिची परिषद आणि शिक्षकांसाठीचे नियतकालिक अनेक वर्षे चालू आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे. पुण्यात गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिम्पियाडच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांनी कठीण गणितांची चव घेतली आहे. परिषदा आणि मुलांचे वर्ग यांची परंपरा अशी आहे. गावोगावच्या शिक्षकांनी दर महिन्याला जमून गणित सोडवावे, ही गोष्ट मात्र तुरळकच दिसते.

महाराष्ट्रात त्यासाठी नवी व्यवस्था उभारावी लागणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमधील शिक्षक केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जमतातच. माहिती, सूचना आणि अहवाल यांतून दीड-दोन तास गणितासाठी राखले तर बैठकीची जागा आणि माणसे तयारच आहेत. अमेरिकेत मंडळ सुरू करताना साधारण पाच जणांचा चमू लागतो: दोन शिक्षक, दोन गणिती आणि व्यवस्था पाहणारा एक. प्रत्येक केंद्रात दोन उत्साही शिक्षक सापडतात. गणिती म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयातले प्राध्यापक बोलावता येतात. त्यांनी येताना भाषण न आणता प्रश्न आणावा, एवढेच त्यांना आधी सांगावे लागते. साहित्य म्हणजे फळा, चौकटीचे कागद आणि हवी तर दोन दोऱ्या. अडचण येते ती सातत्याची. पहिल्या बैठकीला गर्दी होते, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला ती ओसरते. ज्या मंडळांनी आधी सलग काही दिवसांचे शिबिर घेतले आणि बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकल्या, तिथे माणसे टिकून राहिली. महाराष्ट्रात ते दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत जमण्यासारखे आहे.